फग्याची जागा

शुक्रवारी दहाच्या मिस्सापर्यंत परत येतो असं सांगून कामिल पहाटे पाचला गाडी काढून गेला, तो दुपारचे बारा वाजले तरी आला नाही. मार्सेलिना मुलीला घेऊन एकटीच चर्चला जाऊन आली. तिने भात टाकला, कालवण गरम केलं, झाकून ठेवलं, पुन्हा गरम केलं. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. खिडकीतून खाली कामिलची पांढरी डॅटसन उभी असायची ती जागा दिसायची. ती रिकामी जागा मार्सेलिना दर पाच मिनिटांनी येऊन बघत होती.

कामिल उशीर करणारा माणूस नव्हता. मनामातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत तो सुपरवायझर होता. कुठल्या चादरी किती वाजता मशीनमध्ये गेल्या आणि किती वाजता बाहेर येतील हे घड्याळ न बघता सांगायचा. पण गेले तीन शुक्रवार त्याच्या अंगात वेगळंच वारं शिरलं होतं, आणि त्या वाऱ्याचं नाव होतं फगा.

फगा म्हणजे वाळवंटातली अळंबी. आपल्याकडची अळंबी कशी छत्री उघडून साऱ्या जगाला दिसेल अशी उभी राहते! ही तशी नाही. ही जमिनीखाली बटाट्यासारखी गोल गरगरीत दडून बसते, ना देठ ना छत्री. नोव्हेंबरात ढग गडगडून पाऊस पडला की जानेवारी-फेब्रुवारीत ती वाळूखाली फुगते आणि वरच्या मातीला बारीक तडा जातो, भाकरीला पापुद्रा सुटावा तसा. जवळपास पिवळ्या फुलांचं एक खुजं झुडूप असतं. ज्याला तडा दिसला त्याला फगा मिळाला. हे सगळं कामिलला हॉटेलच्या म्हाताऱ्या माळ्याने, सनाबिसच्या हाजी मन्सूरने शिकवलं होतं. हाजीने बागेतल्या मातीत काठीने तडा काढून दाखवला होता आणि वर अरबी-हिंदी मिसळून बजावलं होतं की एकट्याने जायचं नाही, "अकेला मफी जाओ. सहरा में दो आदमी. हमेशा दो आदमी."

पहिला धडा कामिलने नीट डोक्यात ठेवला. दुसरा त्याच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं, कारण कामिल वसईकडचा, भुईगावचा, आणि त्यातही अळंबीवाल्या घरातला होता.

त्याचा बाप श्रावणात तुंगारच्या डोंगराला जायचा आणि टोपलीभर अळंबी घेऊन यायचा. कुठल्या वारुळापाशी, हे त्याने सख्ख्या भावालाही कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर भलताच ओढा, भलतीच वाट सांगायचा. जागा फुटली की वारूळ आटतं, मग तिथे पुन्हा अळंबी येत नाही, अशी त्या घराची पक्की समजूत होती. कामिलची आई दर शनिवारी कन्फेशनला जायची, पण अळंबीच्या जागेबद्दल बोललेलं खोटं तिने फादरच्या कानावर कधी घातलं नाही, कारण तिच्या मते ते पापात मोजायचंच नसतं. मरताना बाप ती जागा थोरल्या मुलाला, म्हणजे कामिलला सांगणार होता. पण लकव्याने त्याची वाचा गेली. चार दिवस तो कामिलचा हात धरून नुसता ओठ हलवत राहिला आणि पाचव्या दिवशी जागेसकट गेला. ही गोष्ट सांगताना कामिल अजून रडायचा. बापासाठी की वारुळासाठी, हे मार्सेलिनाने कधी विचारलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी कामिल सकाळी नऊलाच घरी आला होता आणि पिशवीभर फगे त्याने मोरीत ओतले होते. त्याचे डोळे लाल, गुडघे मातीने भरलेले, आणि तोंडावर असा आनंद की जणू बापाचं वारूळच सापडलं. मार्सेलिना फगे धुवायला बसली. पाणी सात वेळा बदललं तरी वाळू सुटत होतीच. राखाडी, पिठासारखी बारीक वाळू, नखात घुसून बसणारी, आणि तिच्यात तांदळाच्या कणीएवढे मळसूत्री शंख. नऊ वर्षांची कार्मेल शेजारी उकिडवी बसून ते शंख वेचून काड्यापेटीत भरत होती.

"ममी, दीज आर द सेम..."

"हात धू आधी," मार्सेलिना म्हणाली. पोरगी बिचारी हात धुवायला गेली.

मग मार्सेलिनाने फग्यांची सालं खरवडली आणि फोडी केल्या. कांदा लाल केला, लसूण ठेचून घातला, सासूने बियरच्या बाटलीत ठासून भरून पाठवलेला बाटली मसाला दोन चमचे टाकला, फोडी परतल्या, ओलं खोबरं आणि शेवटी चिंचेचा कोळ. झाकण काढलं तर घरभर ओल्या मातीचा वास. कामिलने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ चावत राहिला. "बाबाची अळंबी," तो म्हणाला. मार्सेलिनाला खरं तर ते अळंबी आणि उकडलेला बटाटा यांच्या मधलं काहीतरी लागलं होतं, पण नवऱ्याचं तोंड बघून ती गप्प बसली.

त्या दुपारी खालच्या मजल्यावरचा अँब्रोज आला. अँब्रोज वसईकडचाच, नंदाखालचा. तो आणि कामिल चौऱ्याहत्तर साली एकाच विमानाने बहरीनला उतरले होते आणि बायका येईपर्यंत तीन वर्षं एका खोलीत, दाढीच्या एका आरशात राहिले होते. मार्सेलिनाने त्याला वाटीभर फगा वाढला. तो संपवून अँब्रोजने विचारलं, "कुठं मिळालं रे हे?"

"रिफ्फाच्या मागं," कामिल म्हणाला. डोळ्याची पापणी हलली नाही.

"पुढच्या शुक्रवारी मी पण येतो."

"इंशाल्ला," कामिल म्हणाला. तोंडावर नाही म्हणायचं नसेल तेव्हा कामिल इंशाल्ला म्हणायचा, हे अँब्रोजलाही ठाऊक होतं.

अँब्रोज गेल्यावर कामिलने दार लावलं आणि मार्सेलिनाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "रिफ्फा नाय. सखीर. तेलाच्या नळाच्या पलीकडं. फक्त तुला सांगतोय." लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण एवढा मोठा मान मार्सेलिनाला कधी मिळाला नव्हता. जी जागा बापाने भावाला सांगितली नसती ती नवऱ्याने तिला सांगितली! दोन दिवस ती हवेत होती. तिसऱ्या दिवशी तिने ती जागा अँब्रोजच्या बायकोला, रोझमेरीला, गळ्याची शपथ घालून सांगून टाकली.

तर आज, साडेबाराला, ती धावत जिना उतरली आणि तिने अँब्रोजचं दार ठोठावलं.

"भावजी, कार्मेलचे पप्पा अजून आले नाय."

अँब्रोज जेवायला बसला होता. "कुठं गेला?"

"फग्याला. पहाटे पाचला."

"रिफ्फाला?"

मार्सेलिनाची जीभ अडखळली. पण माणूस हरवला असताना कसली लाज! "रिफ्फाला नाय, भावजी. तुम्हाला ते मुद्दाम तसं बोलले. ते सखीरला जातात."

अँब्रोजने हातातला घास ताटात ठेवला. रोझमेरी नवऱ्याकडे बघेना आणि मार्सेलिनाकडे तर मुळीच बघेना.

"सखीरला काय नाय, वहिनी," अँब्रोज हळूच म्हणाला. "गेल्या शुक्रवारी आम्ही सखीरला जाऊन आलो. दोन तास फिरलो. फगा पण नाय आणि कामिल पण नाय."

रोझमेरीने शपथ मोडली हे मार्सेलिनाला कळलं, त्याआधी कामिलचा विश्वास आपणच मोडला होता हेही आठवलं, पण त्या दोन्हींपेक्षा तिसरीच गोष्ट तिच्या छातीत रुतली. गेल्या शुक्रवारी कामिल सकाळी नऊला भरलेली पिशवी घेऊन आला होता. सखीरला नव्हता, तर होता कुठे? बाई? दुसरं घर? क्षणभर तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते तिने पुढे कोणालाही सांगितलं नाही. मग तिने स्वतःची समजूत घातली की वाळवंट मोठं आहे, चुकामूक झाली असेल.

रोझमेरी वर कामिलच्या बिऱ्हाडात वाट बघत बसली आणि मार्सेलिना, कार्मेल आणि अँब्रोज त्याच्या टोयोटातून निघाले. वाटेत पोलिसांना कळवलं. पोलिसाचा पहिलाच प्रश्न होता, कुठे? "सखीर," मार्सेलिनाने छातीठोकपणे सांगितलं. एक जीप त्यांच्या पुढे सखीरला गेलीसुद्धा.

सखीरला जमीन ताटासारखी सपाट होती. तेलाचे नळ लांबवर पळत गेले होते. दोन-तीन तंबू, क्रिकेट खेळणारी पोरं, आणि वारा. पांढरी डॅटसन कुठेच नव्हती. दीड तास ते गाडी हळूहळू चालवत, थांबत, हाका मारत फिरले. अँब्रोज दर मिनिटाला हॉर्न वाजवायचा. त्याचा हॉर्न वर्षभर बसलेला होता, सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखा खाकरायचा. साऱ्या मनामात तसा दुसरा हॉर्न नव्हता आणि कामिल त्यावरून त्याची रोज थट्टा करायचा.

एके ठिकाणी मार्सेलिना खाली उतरली आणि तिने जमिनीवरची मूठभर माती उचलली. भरड, पिवळसर, खडेच खडे. तिने ती बोटांत चोळली. तीन शुक्रवार, सात-सात पाण्यांत तिने जी वाळू धुतली होती ती तिचे हात विसरले नव्हते. ही ती नव्हती.

"भावजी, ही वाळू नाय," ती म्हणाली. "फग्याची वाळू राखाडी होती. तिच्यात शंख होते."

गाडीच्या मागच्या सीटवरून कार्मेलने काड्यापेटी पुढे केली. "ममी, डॅडी डझन्ट कम हिअर. दीज आर फ्रॉम चिमनी बीच."

"कुठला चिमनी बीच?"

"द पिकनिक! डिसेंबर! आय टोल्ड यू द सेम शेल्स, यू सेड वॉश युअर हॅन्ड्स."

मार्सेलिनाला आठवलं. डिसेंबरात सगळे अस्करला सहलीला गेले होते, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या धुराड्यांच्या पुढे, समुद्राकाठी. कार्मेलने तिथेच हे मळसूत्री शंख वेचायला सुरुवात केली होती. आणि जेवण झाल्यावर कामिल "जरा पाय मोकळे करतो" म्हणून जो गेला तो तासाभराने आला होता, गुडघ्यांना वाळू लावून. तेव्हा तिने ती वाळू आपल्याच हाताने झटकली होती.

म्हणजे कानाशी येऊन सांगितलं ते खोटं होतं. दार लावून सांगितलं ते खोटं होतं. अँब्रोजला एक खोटं, बायकोला दुसरं खोटं, आणि बायकोला सांगितलेलं जास्त प्रेमाने सांगितलेलं! मार्सेलिनाने मुठीतली माती भिरकावून दिली. पण राग करायला माणूस समोर असावा लागतो. तो जिवंत असावा लागतो.

"यल्ला, बसा," अँब्रोज म्हणाला. बेटाच्या या टोकावरून त्या टोकाला त्याने गाडी अशी हाणली की कार्मेलने दोन्ही हातांनी सीट धरली.

अस्कर मागे टाकून रस्ता समुद्राच्या बाजूला वळला आणि चारच्या सुमाराला त्यांना पांढरी डॅटसन दिसली. रस्त्यापासून शंभरेक पावलांवर ती नाकावर पडल्यासारखी तिरकी उभी होती. तिथली जमीन वरून कोरडी, मिठाने पांढरी, पण परवाच्या पावसाने खाली नुसता चिखल झाला होता. पुढची दोन्ही चाकं निम्मी आत गेली होती. गाडीत कोणी नव्हतं. आरशाला रोझरी लटकत होती, सीटवर चहाचा थर्मास होता आणि मार्सेलिनाने पहाटे बांधून दिलेलं पाव-ऑम्लेट तसंच होतं. सकाळपासून तो जेवला नव्हता.

"कामिल!" अँब्रोज ओरडला. त्याने टोयोटाचा हॉर्न दाबून धरला. हॉर्न खाकरला, खाकरत राहिला.

उत्तर नाही.

मार्सेलिना ओरडली. कार्मेल ओरडली, "डॅडी!" अर्धा तास तिघं ओरडत होते. समोर बुटक्या झुडपांचे उंचवटे, त्यापुढे समुद्र, मागे धुराडी. वारा सगळ्या हाका गोळा करून समुद्रात नेऊन टाकत होता, असं मार्सेलिनाला वाटलं. तिने चिखलाकडे पाहिलं. ज्या जमिनीने गाडी गिळली तिला माणूस किती जड! भुईगावला तार कोण करणार, सासूला काय सांगणार, हे तिच्या मनात आलं, आणि आलं म्हणून तिने स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. देवा, तो जिवंत असू दे, ती म्हणाली, मला जन्मभर खोटं सांगितलं तरी चालेल, पण जिवंत असू दे.

अँब्रोज समुद्राच्या कडेने बघायला गेला. कार्मेलला गाडीत बसवून मार्सेलिनाने चर्चचे बूट काढले आणि ती अनवाणी उंचवट्यांकडे निघाली. पायाखाली राखाडी वाळू लागली, पिठासारखी. मग पिवळी फुलं दिसायला लागली. तिसऱ्या उंचवट्याला वळसा घातला आणि तिला तो दिसला.

कामिल वाळूत पालथा पडला होता. डावा पाय भलत्याच बाजूला वळलेला, घोटा फुगून बुटातून वर आलेला. समोर गोणपाट पसरलेलं, त्याच्याखाली गोल गोल उंचवटे. मार्सेलिना धावली. कामिलने मान वर केली, तिला पाहिलं, आणि घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श," तो म्हणाला. "अँब्रोज गेला काय?"

जिवंत आहे, एवढंच आधी मार्सेलिनाला समजलं आणि ती त्याच्याजवळ वाळूत बसली. तो काय बोलला हे मागाहून समजलं.

"आमच्या हाका ऐकल्या तुम्ही?"

"ऐकल्या."

"अर्धा तास ओरडले मी. पोरगी ओरडली."

"तू एकटी असतीस तर ओ दिली असती," कामिल अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण हॉर्न ऐकला ना त्याचा. सगळी जागा त्याने बघितली असती. काळोख झाला की मी सरकत सरकत रस्त्यापर्यंत आलो असतो. सकाळी पाय मुरगळला, उठवत नाय. पाणी संपलंय."

त्याचे ओठ मिठाने फुटले होते. या माणसाबरोबर मार्सेलिना चौदा वर्षं एका ताटात जेवली होती. ताप आला तर तो रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्या बदलायचा. आणि चाळीस पावलांवर ती रडून ओरडत असताना तो गोणपाटावर हात ठेवून गप्प पडून राहिला होता.

"सकाळपासून दुसरं कोण आलं नाय?" तिने विचारलं. का विचारलं ते तिलाही माहीत नव्हतं.

"दोन बायका आल्या होत्या सातला. काळ्या अबायातल्या, हातात पिशव्या. शेळ्यांना पाला न्यायला असतील. सलाम सलाम करत होत्या. मी झोपल्याचं सोंग केलं. गेल्या."

"पाय मोडलेला असताना?"

"तेव्हा गोणपाट टाकलं नव्हतं फग्यांवर. उघडे होते."

"आणि मला सखीर सांगितलंत."

"तू रोझमेरीला सांगितलंसच ना?"

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला जास्त संताप आला. ती उठली. कामिलला कळलं ती काय करणार ते. त्याने तिच्या झग्याची कड घट्ट धरली.

"मार्सेलिन, नको. हाक मारू नको. जागा जाईल."

असा आवाज तिने त्याचा कधी ऐकला नव्हता, बापाची गोष्ट सांगतानासुद्धा नाही. क्षणभर ती थांबली. मग तिने कड सोडवून घेतली, उंचवट्यावर चढली आणि उरलेल्या आवाजात ओरडली, "भावजी! इकडं या! इथं आहे जागा! सगळी इथं आहे!"

अँब्रोज धावत आला. तो गोणपाटाकडे बघत नव्हता. तो त्याच्यावरूनच धावला आणि त्याच्या बुटाखाली दोन फगे फुटले.

"अरे, पाय...!" कामिल कळवळला.

"दुखतोय, माहीत आहे, माहीत आहे," अँब्रोज म्हणाला आणि त्याने कामिलला लहान मुलासारखं पाठीवर घेतलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. अर्ध्या वाटेवर कामिलने गोणपाट राहिल्याची आठवण केली. ते आणायला मार्सेलिना गेली नाही. कार्मेल गेली.

गाडीत कामिल मागे आडवा, त्याचा पाय मार्सेलिनाच्या मांडीवर, फग्यांचं गोणपाट त्याच्या पोटावर.

"मला फगा आवडत नाय रे," अँब्रोज रस्त्याकडे बघत म्हणाला. "त्या दिवशी वाटीभर खाल्ला तो वहिनींना वाईट वाटू नये म्हणून. रात्रभर पोट धरलं होतं. मी म्हटलं, एक शुक्रवार दोघं कुठं बाहेर जाऊ, पहिल्यासारखं. सखीरला पण तू भेटशील म्हणून गेलो होतो."

मार्सेलिनाने कामिलकडे पाहिलं नाही. तिला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीत तरुण नर्स होती. छातीवरच्या पट्टीवर मुनीरा असं नाव लिहिलेलं. तिने बूट कापून काढला, घोटा दाबून पाहिला, डॉक्टरला बोलावलं आणि हातात फॉर्म घेतला. नाव, वय, नोकरीचा स्पॉन्सर. मग तिने विचारलं, "व्हेअर डिड धिस हॅपन?"

अँब्रोज भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मार्सेलिनाने नवऱ्याकडे पाहिलं, आणि या क्षणी तरी, एवढं सगळं झाल्यावर तरी हा खरं सांगेल, असं तिच्या मनात आलं.

"सखीर," कामिल म्हणाला.

मुनीराने लिहायला पेन टेकवलं आणि थांबली. तिने त्याच्या पँटच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग वाकून सुकलेल्या राखाडी चिखलातून एक इवलासा शंख नखाने काढला आणि तो तळहातावर घेऊन हसली. "सखीर नहीं," ती म्हणाली. "ये अस्कर. मेरा गाँव." खाटेखालचं गोणपाट तिला तेव्हाच दिसलं. "आ, फगा!"

मग ती सांगत सुटली, निम्मं हिंदीत निम्मं इंग्लिशमध्ये. त्या उंचवट्यांवर गावातल्या सगळ्या बायका दर थंडीत जातात. तिची आई जाते, आजी जायची, आजीची आईसुद्धा जायची. कधी दहा-बारा जणी मिळून जातात, चहा नेतात, दुपारपर्यंत बसतात. जागा संपत नाही. पाऊस झाला की पुन्हा फगा येतो.

बोलता बोलता ती थबकली. तिने कामिलकडे नीट निरखून पाहिलं.

"आज सुबह आप उधर सोता था?" तिने विचारलं. "मेरी माँ खाने के टाइम पे बोली. एक इंडियन आदमी, मुँह नीचे करके सोया है, बहुत थका हुआ. तीन बार सलाम किया, उठा नहीं. माँ बोली, बेचारा सोने दो, इधर का फगा उसका. वो लोग दूसरी जगह चला गया."

कामिलचे ओठ हलले. नुसतेच हलले, आवाज आला नाही. मार्सेलिनाने ते ओळखलं, कारण सासऱ्यांचे ओठ शेवटचे चार दिवस कसे हलायचे ते कामिलनेच तिला कितीदा करून दाखवलं होतं. तिला त्याची दया आली. राग मात्र कमी झाला नाही.

मुनीराने फॉर्मवर स्वच्छ अक्षरात अस्कर असं लिहिलं आणि मार्सेलिनाकडे वळून म्हणाली, "नेक्स्ट फ्रायडे माँ फिर जाएगी. तुम भी आओ ना."

कामिलने खाटेवरून हात पुढे केला. तो तिला थांबवायला होता की धरायला, हे मार्सेलिनाने बघितलं नाही.

"आऊँगी," ती अख्ख्या कॅज्युअल्टीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "कितने बजे?"